भाषेची जकात : ‘कोर्ट’च्या परदेशगमनाविषयी

चित्रपटाचे यश त्याच्या गल्ल्यावरून मोजण्याची रीत आता व्यापारी वर्तुळापुरती राहिलेली नाही. ती वृत्तपत्रांतून वर्गात आली आहे, आणि ‘या चित्रपटाने जगभर इतके कोटी मिळविले’ हे विधान पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या निबंधांतही गुणविवेचनाच्या जागी येऊन बसू लागले आहे. मोठ्या भांडवलाच्या चित्रपटाविषयी असे विधान निदान एक व्यापारी सत्य तरी सांगते. परंतु अल्प भांडवलात, कोणत्याही मोठ्या निर्मितीसंस्थेच्या आधारावाचून काढलेला मराठी चित्रपट जेव्हा परदेशी जातो, तेव्हा त्याच्या तिकीटविक्रीचा आकडा नेमके काय मोजतो, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्या चित्रपटासाठी किती दारे उघडली गेली, एवढे हा आकडा सांगतो. दारातून आत जाताना चित्रपटाचा किती भाग उंबरठ्याबाहेर राहिला, याविषयी तो मौन पाळतो. हा बाहेर राहिलेला भाग प्रायः भाषेचा असतो. म्हणून त्याचा हिशेब भाषेच्या अभ्यासकानेच मांडावयास हवा. प्रस्तुत लेखात ‘कोर्ट’ या चित्रपटाच्या निमित्ताने तसा प्रयत्न करावयाचा आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात त्याला ‘ओरिझोन्ती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि ‘लायन ऑफ द फ्यूचर’ हे पदार्पणाचे, अशी दोन पारितोषिके मिळाली. पुढे २०१४ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्यास राष्ट्रीय पुरस्कारही प्राप्त झाला. १७ एप्रिल २०१५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला, त्याच वर्षी झाइटगाइस्ट फिल्म्स या वितरकांनी तो अमेरिकेत आणला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली. निर्माते विवेक गोंबर यांनीच त्यात बचावपक्षाच्या वकिलाची भूमिका केली आहे. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा की, त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली असून गाणी संभाजी भगत यांची आहेत. इतके मानसन्मान लाभलेला मराठी चित्रपट विरळाच. तरीही परदेशातील त्याचे प्रदर्शन मोजक्या शहरांतील लहान चित्रगृहांच्या पलीकडे गेले नाही.

यावरून ‘मान मिळाला, पण लोक आले नाहीत’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो काढण्यापूर्वी आकडा कसा तयार होतो ते पाहावे. गल्ला म्हणून जी रक्कम छापली जाते ती तिकीटविक्रीची एकूण रक्कम होय. तीतून चित्रगृहाचा वाटा वजा होतो, उरलेल्यातून वितरक आपला प्रसिद्धिखर्च वसूल करतो, आणि निर्मात्याच्या हाती येते ते या सर्वांनंतरचे शेष. स्वतंत्र निर्मात्याच्या बाबतीत तर हा संबंध आणखी सैल असतो; कारण तो बहुधा एकेका देशाचे हक्क ठरावीक रकमेस विकून मोकळा होतो. महोत्सवांतून झालेले खेळ या हिशेबात सामान्यतः धरले जात नाहीत. दूरचित्रवाणीचे आणि घरबसल्या पाहण्याच्या सेवांचे हक्कही त्याबाहेर राहतात. ताम्हाणे यांचाच दुसरा चित्रपट ‘द डिसायपल’ याचे उदाहरण बोलके आहे. २०२० मध्ये व्हेनिसला त्याला पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि एप्रिल २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. ही सेवा १९० हून अधिक देशांत चालते. म्हणजे पोहोच जगभर, आणि तिकिटांचा गल्ला जवळजवळ नाहीच. जे मोजमाप अशा वेळी शून्याजवळ थांबते ते पोहोचीचे मोजमाप म्हणून स्वीकारता येणार नाही.

शिवाय दार उघडण्यासही पैसा लागतो. २००४ मध्ये ‘श्वास’ हा चित्रपट ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला, तेव्हा अमेरिकेतील खेळ व प्रचार यांच्या खर्चासाठी लोकांकडून निधी गोळा करावा लागला होता, हे अनेकांच्या स्मरणात असेल. उलट, एखाद्या वितरकाने चिकाटीने दार उघडे ठेवले तर काय होते याचे जुने उदाहरण ‘पथेर पांचाली’चे आहे. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू प्लेहाउस या एकाच चित्रगृहात तो सुमारे आठ महिने चालला. पडद्यांची संख्या एक, काळ आठ महिने. आजच्या व्यवहारात लहान चित्रपटाला इतका काळ कोणी देत नाही. पहिल्या आठवड्याअखेरच्या विक्रीवर त्याचे भवितव्य ठरते. तेव्हा आकड्याचे पहिले कारण वितरणव्यवस्थेत आहे, हे निःसंदिग्धपणे नोंदवून मगच भाषेकडे वळणे उचित होईल.

परदेशातील प्रेक्षक असा एकच एक वर्ग नसतो. एक प्रेक्षक चित्रपट ऐकतो. दुसरा तो वाचतो. दुबईत, लंडनमध्ये वा न्यू जर्सीत राहणारे मराठी कुटुंब मराठी चित्रपटास जाते तेव्हा ते ऐकणारे असते. त्याच शहरातील निवडक चित्रपटांच्या चित्रगृहात जाणारा अन्यभाषक प्रेक्षक पडद्याच्या तळाशी उमटणारी उपशीर्षके, म्हणजे ज्यांना आपण सबटायटल म्हणतो ती, वाचत असतो. गल्ल्याचा आकडा या दोघांची बेरीज करतो, आणि बेरीज झाली की दोघांतील भेद पुसला जातो.

ऐकणाऱ्यांच्या चित्रपटाचे ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याचे उत्पन्न शंभर कोटींच्या घरात गेले. हे उत्पन्न बहुतांशी महाराष्ट्रातील होते. तत्पूर्वी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला होता. परंतु त्याचे खरे सामर्थ्य ऐकणाऱ्यांत होते. आर्चीच्या तोंडची करमाळ्या-अकलूजकडची बोली ही त्या चित्रपटाची केवळ सजावट नव्हती. मुलीने त्या ठसक्यात, त्या हुकमी स्वरात बोलणे हाच कथेतील पहिला विद्रोह होता. हा चित्रपट पुढे इतर भाषांत गेला तो उपशीर्षकांच्या वाटेने फारसा नाही. कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ (२०१७), पंजाबीत ‘चन्ना मेरेया’ (२०१७), हिंदीत ‘धडक’ (२०१८) अशा पुनर्निर्मिती झाल्या. हिंदी चित्रपटाने कथा उदयपूरला नेली. अशा स्थलांतरात कथानक प्रवास करते आणि बोली गावीच राहते. व्यापाराच्या दृष्टीने हा सोयीचा मार्ग असेल. पण त्यात कशाची किंमत मोजली गेली, हे मूळ चित्रपट ऐकलेल्यालाच कळते.

वाचणाऱ्यांच्या बाजारात काय चालते हे पाहण्यासाठी ‘कोर्ट’च्या शेजारी रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) ठेवून पाहावा. तोही मुंबईचाच, तोही दिग्दर्शकाचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, त्याचीही सुरुवात युरोपातील महोत्सवात, कान येथे झाली. अमेरिकेत त्याने सुमारे ४२ लाख डॉलरचा गल्ला जमविला. ‘कोर्ट’ त्याच्या जवळपासही गेला नाही. या अंतराची अनेक कारणे सरळ दिसतात. इरफान खान यांचे नाव परदेशी प्रेक्षकाला परिचित होते. सोनी पिक्चर्स क्लासिक्ससारखा बळकट वितरक पाठीशी होता. कथा एका हुरहुर लावणाऱ्या स्नेहाची होती. ही कारणे मान्य करूनही एक भाषिक कारण उरते, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही.

‘द लंचबॉक्स’ची कथा चिठ्ठ्यांवर चालते. डब्यातून जाणारी चिठ्ठी हीच त्यातील संवादाची मुख्य रीत आहे. इला हिंदीत लिहिते, साजन फर्नांडिस इंग्रजीत. चिठ्ठी मुळातच लिखित असते. तिच्यात बोलणाऱ्याचा चेहरा नसतो, हेल नसतो, समोरच्याला तोडून मध्येच बोलणे नसते. अशा लिखित मजकुराचे दुसऱ्या भाषेत लिखित मजकुरात रूपांतर करताना हानी अत्यल्प होते. इलाची चिठ्ठी साजन वाचतो, आणि तीच चिठ्ठी पडद्याच्या तळाशी परदेशी प्रेक्षकही वाचतो. दोघांची स्थिती जवळजवळ सारखी होते. या चित्रपटाने उपशीर्षकांची अडचण आपल्या रचनेतच विरघळवून टाकली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

‘कोर्ट’ची रचना नेमकी याच्या उलट आहे. त्यात काय बोलले जाते याइतकेच कोण, कोणाशी, कोणत्या भाषेत बोलतो हे महत्त्वाचे आहे. बचावाचे वकील विनय व्होरा न्यायालयात इंग्रजी-हिंदी बोलतात आणि घरी आईवडिलांशी गुजराती. सरकारी वकील नूतन यांची घरची भाषा मराठी. लोकलमधील त्यांच्या गप्पा ऑलिव्ह तेलाच्या आणि नवऱ्याच्या पथ्याच्या. पण न्यायालयात उभ्या राहिल्या की कायद्याची लांबलचक इंग्रजी कलमे त्या एकसुरी वाचत जातात. गीतांजली कुलकर्णी यांनी हे वाचन असे केले आहे की, शब्दांचा अर्थ वाचणारीपासूनही दूर राहिला आहे असे ऐकणाऱ्याला जाणवावे. आरोपी शाहिराची मराठी निराळी: गाण्यात ती आग ओकते आणि पिंजऱ्यात चार शब्दांत आटोपते. नूतन सहकुटुंब जे नाटक पाहावयास जातात, त्यात परप्रांतीयांची टिंगल असते आणि प्रेक्षागृह हसत असते. म्हणजे मराठी ही या चित्रपटात एकाच वेळी पीडिताची, अभियोक्त्याची आणि हसणाऱ्या बहुसंख्येची भाषा आहे. हा भेद आवाजात आहे. उपशीर्षकात या तिन्ही मराठी एकाच वळणाच्या, एकाच रंगाच्या इंग्रजीत उतरतात.

यात उपशीर्षककाराचा दोष नाही; त्या लेखनप्रकाराच्या मर्यादाच कठोर आहेत. एका वेळी दोन ओळी, प्रत्येक ओळीत सुमारे ४० अक्षरे, आणि त्या वाचण्यास फार तर सहा सेकंद. या चौकटीत आशय बसतो. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील अंतर बसत नाही, कारण इंग्रजीला तिन्हींसाठी एकच सर्वनाम पुरते. न्यायालय हे तर या अंतरावरच चालणारे स्थळ. तेथे कोणास अहो-जाहो केले जाते आणि कोणास अरे-तुरे, यावरून निकालाआधीचा निकाल समजतो.

या चित्रपटात एक कृती वारंवार घडते, आणि आपल्या विवेचनाचे मर्म तिच्यात आहे. साक्षीदार काही सांगतो. न्यायाधीश ते ऐकून घेतात आणि मग त्याचा सारांश इंग्रजीत टंकलेखकाला सांगतात. नोंद होते ती त्या इंग्रजी सारांशाची. भारतीय न्यायालय ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रघात नवा नाही. पण भाषावैज्ञानिक दृष्टीने पाहता न्यायाधीशांचे हे सांगणे म्हणजे चित्रपटाच्या आतच तयार होणारे उपशीर्षक होय. माणसाचे बोलणे आणि त्याचे अधिकृत रूप यांच्यामध्ये जी दरी पडते ती दिग्दर्शक आपणांस पुनःपुन्हा ऐकवतो. मराठी श्रोत्याला आधी मूळ बोलणे ऐकू येते, मागोमाग त्याचे आटलेले इंग्रजी. आणि या दोहोंमध्ये जे गळाले त्यात त्याला अन्याय दिसतो. परदेशी प्रेक्षक मात्र मूळ बोलणेही इंग्रजीतच वाचतो. त्याच्यापुढे इंग्रजीनंतर इंग्रजी येते. दरी अरुंद होते. उपशीर्षकांनी न्यायाधीशांचे काम त्यांच्याआधीच करून ठेवलेले असते.

शीर्षकाचीही अशीच गत आहे. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविणाऱ्या ‘साबर बोंडं’ या रोहन कानवडे यांच्या चित्रपटास परदेशी जाताना ‘कॅक्टस पेअर्स’ असे दुसरे नाव घ्यावे लागले. ‘कोर्ट’ला नाव बदलावे लागले नाही, म्हणून ते जकात न भरता पार झाले असे वाटेल. वस्तुतः ‘कोर्ट’ हा मराठीत पूर्ण रुळलेला शब्द आहे आणि मराठीतील त्याचा अर्थ इंग्रजीतील अर्थाहून वेगळा झाला आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण ज्या शब्दाविषयी म्हणतो त्यात तारखा आहेत, हेलपाटे आहेत, वकिलाच्या दारातील खोळंबा आहे. इंग्रजी शब्दाच्या अंगी हा अनुभव नाही. अक्षरे तीच राहिली आणि अर्थ सीमेवर उतरला.

मग परदेशी प्रेक्षकाच्या हाती काही लागलेच नाही काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. मृत कामगाराची पत्नी जी साक्ष देते ती या चित्रपटाचा गाभा आहे. नवरा गटारात उतरण्यापूर्वी खडा टाकून पाही. झुरळे बाहेर आली तर आत जिवंत राहण्याजोगी हवा आहे असे समजावयाचे. संरक्षक साधने नव्हती. हे तिने ज्या कोरडेपणाने सांगितले आहे ते कोणत्याही भाषेत उतरले तरी अंगावर येते. वस्तुस्थितीचे निवेदन भाषांतराला दाद देते. तेथे उपशीर्षक आपले काम चोख बजावते. स्थिर, लांबून घेतलेली दृश्येही भाषांतरावाचून समजतात. परदेशी समीक्षेत या चित्रपटाच्या संदर्भात काफ्काचे नाव आले ते यामुळेच. न्यायसंस्थेची यांत्रिकता तिकडे पोहोचली. मात्र काफ्काचे न्यायालय कोणत्याही गावचे नसते, आणि ‘कोर्ट’मधले न्यायालय मुंबईचे आहे, तेथे जातीला, पेशाला आणि बोलीला नेमकी जागा आहे. तिकडे एक सार्वत्रिक रूपक पोहोचले. इकडे एक विशिष्ट समाज दिसला. ‘शाहीर’ या शब्दाचेही तेच. रामजोशींच्या सोलापुरात आणि अमरशेखांच्या बार्शीत या शब्दामागे फडापासून आंबेडकरी जलशापर्यंतची परंपरा उभी राहते. ‘निषेधगीते गाणारा’ असे म्हटल्याने ती उभी राहत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. आपण तरी सर्व काही ऐकतो काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पुन्हा आपल्याच परिसरात सापडते. मंजुळे यांच्या ‘फँड्री’चे (२०१३) शीर्षक कैकाडी भाषेतील असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. कैकाडी ही द्राविडी कुळातील, तमिळला जवळची भाषा. जब्याच्या घरातील ती भाषा बहुसंख्य मराठी प्रेक्षकाला परकीच. तेथे तोही ऐकणाऱ्याचा वाचणारा किंवा नुसता पाहणारा होतो. गावाच्या भाषेत आपल्याला जागा नाही आणि घरच्या भाषेची लाज वाटते, ही जब्याची कोंडी आपल्याला त्या अर्धवट कळण्यातूनच कळते. तेव्हा न कळणे हीदेखील एक प्रकारची समज असू शकते. पण त्यासाठी दोन भाषा आहेत एवढे तरी कानाला कळावे लागते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चार भाषा एकाच बाजारपेठेत ऐकणाऱ्या सोलापूरकराच्या कानाला ही सवय आहे. पूर्व भागातील हातमाग-यंत्रमागाच्या वस्तीत माणूस गिऱ्हाईक पाहून भाषा बदलतो, आणि भाषा बदलली की नातेही बदलते, हे येथील मुलालाही ठाऊक असते. ‘कोर्ट’ समजण्यास लागणारे हे ज्ञान कोणत्याही उपशीर्षकात सामावत नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासकाच्या कुतूहलाचा नाही. परदेशातील यश हेच मोजमाप ठरले, तर ज्या कथा उपशीर्षकांच्या दोन ओळींत सहज बसतात त्यांनाच पैसा मिळू लागेल, आणि बोलींच्या ताणाबाण्यावर उभी राहणारी पटकथा निर्मात्याच्या मेजावरच अडेल. लेखकही मग, नकळत, भाषांतरसुलभ मराठी लिहू लागेल. मराठी चित्रपटाने जगात जाऊ नये असे येथे सुचवावयाचे नाही. ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसला जाऊन गौरव मिळवून आला, तेव्हापासून ती वाट आपली आहे. जाताना काय मागे राहते याची नोंद ठेवणारे कोणी तरी असावे, एवढेच म्हणणे आहे. वितरक ती नोंद ठेवणार नाही. त्याचा तो धर्म नव्हे. विद्यापीठीय विभागाचा मात्र तो धर्म आहे.

त्यासाठी साधने फार लागत नाहीत. एखाद्या मराठी चित्रपटाचे मूळ संवाद ऐकून उतरवून घ्यावेत, शेजारी त्याची इंग्रजी उपशीर्षके मांडावीत, आणि सर्वनामे, संबोधने, बोलीची रूपे व भाषापालट या चार रकान्यांत काय टिकले आणि काय गळाले याची मोजणी करावी. ‘कोर्ट’, ‘फँड्री’ आणि ‘साबर बोंडं’ या तिघांपासून आरंभ करता येईल. अशी मोजणी हाती आली म्हणजे गल्ल्याच्या आकड्याशेजारी ठेवावयास आपल्यापाशी दुसरा एक आकडा असेल, आणि निबंधात पहिला आकडा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास दुसऱ्याविषयी विचारता येईल.